धुळाप्पाची चाकं आणि उमाबाईची भाकरी

धुळाप्पाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा उमाबाईनं त्याला चक्क नमस्कार केला होता. साधासुधा नाही बरं का, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून! पुढं ही गोष्ट सांगताना तिला इतकं हसू फुटायचं की मधेच ठसका लागायचा, आणि ऐकणारीला उठून पाणी आणून द्यावं लागायचं.

पण चूक तिची एकटीची नव्हती. नळदुर्गात सोलापूर-हैदराबाद सडकेच्या कडंला लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली दाढी वाढलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस मांडी घालून बसलेला. पुढ्यात काळाकुळकुळीत, तेलानं चकाकणारा मोठा गोल. त्याच्या काठावरनं बोट सरकवत हा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतोय. आता बाईमाणसानं काय समजावं? कुणीतरी सिद्धपुरुष आलाय, असंच वाटणार की. उमाबाई जवळ गेली, हात जोडले.

"महाराज, आशीर्वाद द्या."

महाराजांनी मान वर केली नाही. "बाई, तिकडं सरका. सावली पडतीया."

उमाबाई सरकली. पण तोवर महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

"गेलं! चुकलं! आता पुन्यांदा पयल्यापासनं."

"काय चुकलं महाराज? जप?"

"कसला जप? दातं मोजतोय दातं! मोटारीच्या चाकाचं!"

तर हा धुळाप्पा. आणि एकदा तोंडातनं महाराज निघाल्यावर उमाबाईला त्याला अरे-तुरे करायला जीभच वळेना. मोठ्या दुकानदाराची बायको ती, पण मरेपर्यंत त्याला 'तुमी'च म्हणाली. भांडताना तर जास्तच.

धुळाप्पा मूळचा तामलवाडीचा. मेंढरं राखायची पिढीजात. सडकेच्या दोन्ही अंगाला कळप फिरवायचा, आणि निजामाच्या राज्यात त्या सडकेवर तेव्हा नव्यानं मोटारी पळायला लागलेल्या. मोटार बंद पडली की ड्रायव्हर हाक मारायचा, धुळाप्पा धक्का द्यायचा. धक्का देता देता बॉनेटमधे डोकवायला लागला. डोकावता डोकावता उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर झाला, आणि मेंढरं गेली भावाकडं. जर्मनची लढाई सुरू झाली, सुटे भाग यायचे बंद झाले, तसा हा लिंबाखाली येऊन बसला. मोडक्या लॉऱ्यांचं, मोटारींचं लोखंड भोवती जमा करायला लागला. त्यातही त्याचा जीव एकाच गोष्टीत. फ्लायव्हील.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीशी बसवलेलं जाडजूड लोखंडी चाक. इंजिन दणके देतं, हे चाक ते दणके पोटात घेतं आणि मोटार एकसारखी चालवतं. आपल्या घरात नाही का एखादी बाई असते, तसंच. काठाला दाते, मधे बोल्टांची भोकं. कुठल्या चाकावर खूण नाही, आकडा नाही. असलाच तर गंजानं खाल्लेला, न्हायतर सोलापूरच्या खराद्यानं चाक घासताना पार पुसून टाकलेला. बघणाऱ्याला सगळी एकसारखी. धुळाप्पाला मात्र एकही दुसऱ्यासारखं दिसायचं नाही. त्यानं त्यांना मेंढरांसारखी नावं ठेवलेली. एक बांडी, एक लंगडी, एक लॉरीची लठ्ठी.

"अवो, पण वळखता कसं?" उमाबाईनं एकदा विचारलं.

"तुमी तुमची लेकरं कशी वळखता?"

"लेकरं बोलत्यात."

"ही बी बोलत्यात. तुमी गप बसला तर ऐकू येईल." आणि लोखंडी पान्यानं त्यानं एकीला टिचकी मारली. ठणण् वाजली. दुसरीला मारली, ती नुसतीच बद्द. "बघा. ही चिरलीया. तोंड बघून कळत न्हाय, पण आवाज लपत न्हाय."

आता हे सगळं खरं, पण माणूस काही कुणी गरीब गाय नव्हता. भांडकुदळ! अगदी पोरवयापासून. कावळा झाडावर आधी बसला का फांदी आधी हलली, यावर बसवाल्याशी वाद घालून त्यानं गाडी खोळंबून ठेवलेली. चुकायचाही भरपूर. एकदा भलतंच चाक एका लॉरीला बसवलं आणि लॉरी मैलभर अंगात आल्यासारखी हलत गेली. पण चुकलो म्हणून कबूल करील तर धुळाप्पा कसला! "लॉरीला सवय न्हाय," म्हणाला.

उमाबाईचा नवरा महारुद्रप्पा. धान्याचं दुकान, तोलूनमापून बोलणारा माणूस. त्यानं एका जहागीरदाराची जुनी मोटार घेतलेली. कापडी टपाची, पितळी दिव्यांची, आणि दोन्ही बाजूंना रुंद, ठेंगणा फूटबोर्ड. महारुद्रप्पाला मोटारीचा रुबाब आवडायचा. उमाबाईला फूटबोर्ड आवडायचा.

का ते सांगते. तिची आई, म्हणजे तिची अव्वा, सिद्धम्मा मुरुमला एकटी राहायची. गुडघे पार गेलेले. बैलगाडीत बसली की दोन दिवस अंथरुणात, आणि सर्व्हिस मोटारीची पायरी तर तिच्या कमरेला यायची. त्या एकाच मोटारीत तिला चढता यायचं, फूटबोर्डावर आधी एक पाय, मग दुसरा, मग "शिव शिव" म्हणत आत. मोटार होती म्हणून वर्षातनं दोनदा तरी म्हातारी लेकीच्या घरी यायची. लेक काय, दुकान, सासर, येणंजाणं, तिला उठून मुरुमला जाता येतंय कुठं!

आणि त्या उन्हाळ्यात, बोरी नदीच्या उतारावर, मोटारीचं फ्लायव्हील फुटलं. तीन तुकडे. दोन सापडले, तिसरा गेला नदीच्या डोहात.

महारुद्रप्पानं महिनाभर वाट बघितली. सोलापुरात चौकशी केली. तिथला व्यापारी म्हणाला, लढाई संपू द्या. वर सरहद्दीवर करोडगिरी नाक्याची झडती, जकात, ती कटकट वेगळीच. शेवटी त्यानं बायकोला सांगून टाकलं.

"दसऱ्याला मोटार उभी राहिली तर तिला हार घालू. न्हायतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोलापूरचा भंगारवाला येतोय. मी शब्द दिलाय."

"आणि अव्वानं यायचं कसं?"

महारुद्रप्पानं तराजू पुसायला घेतला. तो वाईट माणूस नव्हता, पण दिलेला शब्द त्याला आईपेक्षा जड. म्हणजे सासूपेक्षा तर नक्कीच.

उमाबाई तडक लिंबाखाली गेली.

"महाराज, चाक पायजे."

"कसलं?"

"आमच्या मोटारीचं."

धुळाप्पानं घरी येऊन मोटारीखाली तोंड खुपसलं, गिअरबॉक्स उतरवला, उरलेले दोन तुकडे मांडीवर घेऊन दात मोजले, वीत लावून रुंदी घेतली. मग इंजिनाच्या दांड्याचं ते गोल तोंड बघितलं, जिथं चाक बोल्टांनी आवळतात. सहा भोकं. पाच सारख्या अंतरावर, सहावं मात्र किंचित एका अंगाला सरकलेलं.

"हे वाकडं कसं?" उमाबाईनं विचारलं.

"मुद्दाम केलंय. चाक एकाच रीतीनं बसावं म्हणून. तुमच्यासारखंच हाय, एकाच बाजूनं पटतंय." तो उठला. "ह्या भोकांचा ठसा पायजे. माझ्या ढिगात हिची जोड न्हाय. पण गावोगाव चाकं पडल्यात, कुणाच्या तालमीत, कुणाच्या धान्याच्या पेवावर. ठसा घेऊन हिंडावं लागंल."

कागद लावून बघितला, तेलानं भिजून फाटला. पत्रा कुठनं आणायचा? लढाईत तेलाचा रिकामा डबासुद्धा कुणी हातचा सोडत नव्हतं. धुळाप्पा दाढी खाजवत बसला. उमाबाई आत गेली आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा मळूनच बाहेर आली.

"काय हे?" महारुद्रप्पा ओरडला.

"कडक भाकरी. माझी भाकरी महिनाभर ठिवली तरी वाकत न्हाय, मोडत न्हाय. तुमच्या कागदापरीस बरी."

"भाजल्यावर आटंल की," धुळाप्पा म्हणाला.

"आटंल तर सगळीकडनं सारखीच आटंल. वाकडं भोक सरळ होणार हाय का?"

धुळाप्पानं भिजक्या कागदाचा बोळा लांब भिरकावला.

उमाबाईनं आधी ते लोखंडी तोंड राखेनं घासून समईसारखं लख्ख केलं. मोटारीच्या तेलाचा वास भाकरीला लागला तर तिचं नाव जाणार होतं ना! मग ओलं फडकं लावून त्यावर थापलेली भाकरी दाबली, काडीनं सहा भोकं पाडली, अलगद सोडवली, तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली, फडक्यानं दाबून दाबून कडक केली. हात आपले सवयीनं चाललेले, तोंड नवऱ्याशी बोलण्यात.

दुसऱ्या दिवसापासनं भाकरीची वरात निघाली. नळदुर्गाच्या तालमीत एक फ्लायव्हील होतं, पैलवान ते डोक्यावर धरून बैठका मारायचे. धुळाप्पानं त्याचे दात मोजले आणि हात झटकले. तामलवाडीत एक पेवाच्या तोंडावर झाकण म्हणून घातलेलं, ते वीतभर मोठं निघालं. दसरा आठवड्यावर आला. उमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेवढ्यात धुळाप्पा मांडीवर थाप मारून उठला.

"जहागीरदाराच्या मोटारी दोन होत्या! जोडीच्या! दुसरी म्याच मोडून काढली, मुरुमात. तिचं चाक एका म्हातारीनं नेलं."

"कशाला?"

"कट्ट्यावरनं उतरायला पायरी पायजे म्हणून. लई बेरकी म्हातारी. म्या मागायला गेलो तर झाडू घेऊन अंगावर आली."

उमाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "दारात उंबराचं झाड हाय?"

"व्हय."

"कट्टा शेणानं सारवलेला, आणि म्हातारी डाव्या पायानं लंगडती?"

"व्हय की. तुमाला काय ठाव?"

"ती माझी आई हाय, महाराज."

धुळाप्पानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. मग हळूच म्हणाला, "झाडू जपूनच मारला होता तशी."

नवरा, बायको आणि धुळाप्पा, तिघं निघाली. बाईला एकटं मेस्त्रीबरोबर कसं पाठवायचं, म्हणून महारुद्रप्पा दुकान सोडून बरोबर. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की खोकायची. फाट्यावर उतरून पुढं बैलगाडी. वाटेत महारुद्रप्पाला भूक लागली, त्यानं फडकं सोडलं आणि वरची भाकरी उचलली.

"ठिवा ती!" उमाबाई किंचाळली.

"का?"

"तिला भोकं हायत!"

महारुद्रप्पानं भाकरी डोळ्यासमोर धरली. भोकातनं बायकोचा लाल झालेला चेहरा दिसला. निमूटपणे खालची घेतली.

मुरुमात सिद्धम्मा कट्ट्यावरच बसलेली. लेकीला बघून डोळे भरले, जावयाला बघून पदर सावरला, आणि धुळाप्पाला बघून हात झाडूकडं गेला.

"अव्वा, थांब! हे आपलेच हायत."

कट्ट्याच्या खाली ते चाक, अर्धं मातीत रुतलेलं, म्हातारीच्या पायांनी मधे गुळगुळीत झालेलं. धुळाप्पानं ते उकरून काढलं, पुसलं, टिचकी मारली. ठणण्! दात मोजले, आणि या खेपेला कुणी त्याच्यावर सावली पाडली नाही. दात जुळले. रुंदी जुळली. त्यानं भाकरी ठेवली.

पाच भोकं बरोबर बसली. सहावं अर्धा बोट बाजूला.

भाकरी फिरवली. आता चारच बसली, दोन बाहेर. गोल गोल फिरवून बघितली, घाण्याच्या बैलासारखी. नाहीच. महारुद्रप्पानं सुस्कारा सोडला. "चला. भंगारवाल्याला दिलेला शब्द तरी पाळल्यासारखं होईल."

उमाबाई आईकडं बघत नव्हती. आई मात्र तिच्याकडंच बघत होती.

धुळाप्पा हट्टाला पेटला. "तोंडावळा हिचाच हाय! जोडीची हाय ही. चाक खोटं न्हाय. भाकरी खोटी हाय."

"काय म्हणला?" उमाबाईचं रडू जागच्या जागी आटलं. "माझी भाकरी खोटी? लोकं गावाला जाताना माझ्याकडनं भाकरी बांधून नेत्यात!"

"खायाला नेत्यात. मापायला न्हाय."

"आणा हिकडं," सिद्धम्मा म्हणाली. तिला वाटलं, भाकरीवरनं भांडण चाललंय म्हणजे भाकरी बिघडली असणार, आणि लेकीला भाकरी तिनंच शिकवलेली. तिनं ती हातात घेतली, उजेडात धरली, बोटानं चाचपली. "हिकडच्या अंगाला पाण्याचा हात फिरलाय. बोटं उमटल्यात. भाजलीया चांगली." आणि बायका बघतात तशी दुसरी बाजू बघायला तिनं भाकरी उलटी केली आणि चाकावर टाकली.

धुळाप्पा वाकला. त्यानं भाकरी जराशी सरकवली. सहाच्या सहा भोकांतनं खालचा अंधार दिसला.

सगळ्यांनी भाकरी फिरवलेली, उलटी करायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ताटात वाढलेली भाकरी कोण कशाला पालथी करून बघतंय? आणि उलट्या भाकरीत ते सरकलेलं भोक भलत्या अंगाला जाणार, उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घातल्यासारखं.

उमाबाईनं चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारली. लुगडं काळं झालं, होऊ दे. मग मान वर करून म्हणाली, "बघा. भाकरी खरीच होती. तुमी चाकावर उलटी ठिवली."

"म्या सुलटीच ठिवली. पाण्याचा हात वर. ताटात वाढत्यात तशी. तुमी तव्यावर उलटी टाकली."

"पाण्याचा हात वर म्हंजी उलटी! सुलटी भाकरी पाण्याचा हात खाली."

"कुठल्या राज्यात?"

"माझ्या चुलीच्या राज्यात!"

सिद्धम्मानं दोघांच्या मधे काठी आपटली. "ते ऱ्हाऊ द्या. माझी पायरी नेताय, मग म्या उतरू कशावरनं?"

"मोटार येईल की दारात, अव्वा. फूटबोर्डावर पाय ठिवायचा," उमाबाई म्हणाली.

"मोटार काय रोज येणार हाय?"

धुळाप्पानं छातीवर हात ठेवला. "म्या माझी लठ्ठी आणून देतो. लॉरीची. हिच्यापरीस उंच, रुंद. दोन पाय ठिवले तरी हलायची न्हाय." म्हातारीनं विचार केला, आणि तोवर दोन दगड लावून घेतले.

चाक घेऊन परत येताना महारुद्रप्पानं ते मांडीवर धरलं होतं. तोलूनमापून बोलणारा माणूस, वाटभर चाकावरची माती नखानं खरवडत होता. धुळाप्पा आणि उमाबाई मात्र फाट्यापासनं नळदुर्गाच्या वेशीपर्यंत एकाच विषयावर. पाण्याचा हात वर का खाली. मोटारीतल्या बाकीच्या उतारूंचेही दोन तट पडले.

चाक बसलं. धुळाप्पानं बोल्ट आवळले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले, हातानं फिरवून कान लावला. कुपनावर मिळालेलं, डब्यात राखलेलं पेट्रोल घातलं. हँडल मारलं. मोटार खोकली, थरथरली, आणि मग एका सुरात बोलायला लागली. महारुद्रप्पा तिच्याभोवती एक चक्कर मारून आला, आणि न सांगता भंगारवाल्याकडं निरोप धाडला की येऊ नका. दिलेला शब्द मोडायची त्याची ती पहिली वेळ, असं म्हणतात.

खंडेनवमीला मोटारीला हार पडला, आणि त्याच दिवशी ती मुरुमला गेली. मागच्या सीटखाली लठ्ठी. ती कट्ट्याला लावली, सिद्धम्मा तिच्यावरनं उतरली, एक पाय, दुसरा पाय, आणि फूटबोर्डावर चढली, एक पाय, दुसरा पाय. "शिव शिव."

दसऱ्याच्या जेवणाला म्हातारी लेकीच्या घरात, भिंतीला टेकून, पाय पसरून. शेजारी महारुद्रप्पा. धुळाप्पा दाराशी बसलेला, उमाबाईनं बोलावून आत घेतलं. "महाराज, लाजताय काय? चाकाला माझी भाकरी चालती, मग तुमाला का न्हाय?"

ताटात शेंगाची चटणी, आमटी, पुरणाची पोळी, आणि पोळीनंतरही धुळाप्पाला भाकरीच हवी. उमाबाई आईशी बोलण्यात रंगलेली. किती दिवसांनी आई समोर! बोलता बोलता चवडीतली भाकरी उचलून तिनं आईच्या ताटात टाकली, दुसरी नवऱ्याच्या, तिसरी धुळाप्पाच्या.

धुळाप्पानं हात मागं घेतला. भाकरीकडं बघितलं. शेजारच्या दोन्ही ताटांत डोकावून आला.

"अव्वा," तो एकदम गोड आवाजात म्हणाला, "जरा बघता का? पाण्याचा हात कुठं हाय?"

सिद्धम्मानं आपल्या भाकरीवर बोट फिरवलं. जावयाच्या भाकरीकडं बघितलं. धुळाप्पाच्या भाकरीकडं बघितलं. तिन्हीवर लेकीची बोटं स्पष्ट उमटलेली, वरच्या अंगाला.

"वर," म्हातारी म्हणाली.

"ते घाईत पडलं!" उमाबाई म्हणाली.

"तिन्ही?"

"अव्वा, तू सांग की ह्यांना. सुलटी कुठली?"

"तुला म्याच शिकवलंय गं," सिद्धम्मा घास मोडत म्हणाली. "पाण्याचा हात वर. हरलीस."

महारुद्रप्पाला ठसका लागला. उमाबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं आदळला, हात लांब केला, आणि धुळाप्पाच्या ताटातली भाकरी पालथी करून ठेवली.

धुळाप्पानं ती शांतपणे पुन्हा सुलटी केली, आणि खायला लागला.